नॅपिंगसाठी दगड गोळा करताना या चुका टाळा: मुंबईकर नवशिक्यांसाठी

पावसाळा सरला की उल्हास, काळू, भातसा, वैतरणा यांच्या पात्रांतले गोटे उघडे पडतात आणि नॅपिंग, म्हणजे दगडाच्या कपच्या काढून हत्यारे घडवणे, शिकणाऱ्यांच्या पिशव्या भरू लागतात. महिन्याभरात त्यातला बराचसा दगड सोसायटीच्या मागच्या भिंतीशी जाऊन पडतो. हात बसलेला नसतो हे खरे, पण बहुतेक वेळा दोष हाताचा नसतोच. दगड उचलला तिथेच चूक झालेली असते.

फ्लिंट शोधत फिरणे

परदेशी व्हिडिओंत दिसणारा काळा, गुळगुळीत फ्लिंट खडूच्या थरांत तयार होतो. मुंबई आणि आसपासचा मुलूख सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा आहे. इथे फ्लिंट नाही, तो शोधण्यात दिवस घालवू नका. आपल्याकडे आहे ती कॅल्सिडोनी, अकीक, जॅस्पर आणि चर्ट, म्हणजे बारीक पोताच्या सिलिकेचेच (गारगोटीच्या द्रव्याचे) प्रकार. लाव्हा थंड होताना वायूचे बुडबुडे अडकून पोकळ्या राहिल्या, पुढे सिलिकायुक्त पाणी झिरपून त्या भरल्या. भोवतीचा काळा कातळ झिजतो, आतली सिलिका फारशी झिजत नाही, म्हणून ती गोट्यांच्या रूपाने नदीत येते.

पोकळीच लहान, म्हणून गोटाही लहान. बहुतेक गोटे लिंबापासून मुठीएवढे मिळतात. त्यातून वीतभर लांबीचा खंजीर निघणार नाही. दोन-तीन सेंटीमीटरची पाती आणि सूक्ष्मास्त्रे, म्हणजे अगदी छोटी दगडी हत्यारे, मात्र उत्तम निघतात. इनामगाव, नेवासे इथल्या ताम्रपाषाणयुगीन लोकांनी कॅल्सिडोनीचीच पाती वापरली. आधी दगडाचे माप बघा, मग काय घडवायचे ते ठरवा. उलटे करणारे लोक लवकर कंटाळून सोडून देतात.

देखणा दगड उचलणे आणि न तपासता घरी आणणे

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. कर्जतजवळ उल्हासच्या पात्रात एका मुलाने दिवसभर खपून अर्धी गोण भरली. ओला दगड उन्हात चमकतो. त्याला पट्टेदार अकीक, पांढरेशुभ्र स्फटिक, गुलाबी छटेचे खडे, जे जे सुंदर दिसले ते त्याने घेतले. गोण खांद्यावर घेऊन लोकलच्या गर्दीतून डोंबिवलीला पोचला. घरी फोडायला बसला तर पहिल्या पट्टेदार गोट्याच्या पोटात साखरेसारखे दाणे. कपची अर्ध्यात आली आणि पायरी पाडून थांबली. दुसरा गोटा आतून पोकळ. गुलाबी खडे सुरीच्या टोकाने ओरखडले गेले, म्हणजे ते स्टिलबाइटसारखे झिओलाइट, लाव्हाच्या पोकळ्यांत मिळणारे मऊ खनिज, होते. संग्रहात ठेवायला छान, हत्यारासाठी काही उपयोग नाही. त्या गोणीतून कामाचे निघाले ते दोन मळकट, राखाडी गोटे, आणि तेही चुकून आत पडलेले.

असे का होते ते नीट समजून घ्या. पट्टेदार अकीकाची बाहेरची साल बारीक पोताची असते, पण मधोमध बऱ्याचदा जाड दाण्याचे क्वार्ट्झ भरलेले असते. तडा बारीक पोतातून सरळ धावतो, जाड दाण्यांशी पोचला की अडखळतो. आपल्याला हवा तो शंखाभ भंग, म्हणजे शिंपल्याच्या आतल्या बाजूसारखी गुळगुळीत, किंचित वळलेली फूट. ती पोत एकसारखा असेल तरच मिळते. पट्टे नसलेली, मेणचट, फिकट राखाडी किंवा तपकिरी कॅल्सिडोनी बघायला साधी असते, पण फुटायला तिच्यासारखी दुसरी नाही.

तपासणी नदीकाठीच करा. एका गोट्याला दोन मिनिटे पुरतात. आधी तो हातात तोलून पाहा. आकाराच्या मानाने हलका वाटला तर आत पोकळी आहे. मग बोटांच्या टोकांवर सैल धरा आणि दुसऱ्या छोट्या गोट्याने टकटक करा. माठ घेताना वाजवून बघतो तसेच. आवाज खणखणीत आला तर पुढे जायचे, बद्द आला तर आत तडा आहे, तिथेच ठेवून द्या. त्यानंतर सुरीचे टोक दाबून ओढा. ओरखडा उमटला तर दगड मऊ आहे. सुरीचे लोखंडच दगडावर करडी रेघ ठेवून गेले तर ती सिलिका. पृष्ठभागावर नखाएवढ्या चंद्रकोरी दिसतात, त्या प्रवाहात आपटून झालेल्या कोवळ्या चिरा. थोड्या, उथळ असतील तर चालतात, दाट असतील तर सोडा.

शेवटी एक कपची काढायचीच. चारशे-पाचशे ग्रॅमचा, हातात बसणारा काळ्या दगडाचा गोटा हातोडा म्हणून घ्या. ज्या कडेचा कोन नव्वद अंशांपेक्षा कमी आहे तिथे, काठापासून पाच-सहा मिलिमीटर आत मारा. गोटा अगदीच वाटोळा असेल तर सपाट दगडावर उभा धरून वरून ठोका, दुभंगेल. हे सगळे संरक्षक चष्मा लावूनच. ताजी फूट सूर्याकडे धरा. पातळ कडेतून उजेड आरपार आला, हाताला मेणासारखे लागले, दाणा दिसला नाही, तर तो दगड पिशवीत. असे आठ-दहा गोटे महिनाभराच्या सरावाला पुरतात. पिशवीत टाकताना प्रत्येक गोटा जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळा. एकमेकांवर आपटून नव्या चिरा पडतात आणि तपासणी फुकट जाते.

काढलेली कपची मात्र तिथे टाकून येऊ नका. ती खिशात घाला. कारण पुढे आहे.

जुन्या जागा बिघडवणे

ही चूक दगडाची नाही, पण तिच्याबद्दल सांगावेच लागते. मुंबई परिसरात अश्मयुगीन माणूस राहून गेलेला आहे. के. आर. यू. टॉड यांनी १९३९ मध्ये मुंबईच्या पुराश्मयुगीन हत्यारांवर लिहिले, कांदिवलीचे नाव त्यामुळेच या विषयात आले. चांगला दगड जिथे आपल्याला सापडतो, तिथे तो त्यांनाही सापडला होता. त्यामुळे नदीकाठच्या उंचवट्यावर किंवा टेकडीच्या उतारावर बोटाच्या पेराएवढी पाती, छोटे गाभे (कपच्या काढून उरलेले दगड), एकाच प्रकारच्या बारीक कपच्या एकत्र दिसल्या तर थांबा. उचलू नका, हलवू नका. वस्तू कुठे आणि कशासोबत पडली आहे, यावरच तिचा अर्थ लागतो. फोटो काढा, जागा टिपून ठेवा आणि राज्याच्या पुरातत्त्व विभागाला कळवा.

अशा जागी बसून दगड घडवणे तर त्याहून वाईट. ताजी कपची आज चकचकीत दिसते, पण काही पावसाळ्यांनंतर मातीत मिसळलेली तीच कपची जुनी की नवी हे ओळखणे अवघड होते. म्हणून चाचणीची कपचीसुद्धा घरी आणायची. घरी घडवताना खाली ताडपत्री अंथरा, पडलेला सगळा चुरा एका डब्यात भरा, आणि डबा टाकायची वेळ आली की त्यात चालू वर्षाचे एक नाणे टाका. पुढे कोणाला तो ढीग सापडला तर काळ कळेल.

जागेची परवानगी हा भागही गांभीर्याने घ्या. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान, तुंगारेश्वर, तानसा, कर्नाळा इथून एक खडाही उचलायचा नाही. १९२७ च्या भारतीय वन कायद्यात वनोपजाच्या व्याख्येत दगडही येतो. कान्हेरी, महाकाली, घारापुरी या लेण्यांच्या आवारातही हेच. शेताच्या बांधावरचे गोटे हवेत तर शेतकऱ्याला विचारा. बांध साफ होतो म्हणून तो आनंदाने देतो.

खाणीतली आणि रुळांवरची खडी

सुरुंगाने उडवलेल्या दगडात डोळ्यांना न दिसणाऱ्या चिरा असतात आणि क्रशरमधून निघालेल्या खडीत त्याहून जास्त. काळा कातळ वापरायचाच असेल तर बारीक पोताचा, बुडबुडे नसलेला, न कुजलेला घ्या. कांद्याच्या पापुद्र्यासारखे थर सुटत असतील तर हात लावू नका. हा दगड कॅल्सिडोनीपेक्षा चिवट आहे, हातोडा किलोभराचा लागतो. रुळांवर उतरणे गुन्हा आहे आणि जिवावर बेतणारेही.

गॅसवर भाजणे

कॅल्सिडोनी मंद तापवली की अधिक सहज फुटते, हे खरे. खंभातचे अकीक कारागीर दगड उन्हात वाळवून मग मडक्यात मंद भाजतात. पण ‘मंद’ हा शब्द गाळून लोक ओला गोटा थेट बर्नरवर ठेवतात. आतल्या पाण्याची वाफ होते आणि दगड फुटून स्वयंपाकघरभर उडतो. अख्खा गोटा तापवूच नका. दोन सेंटीमीटरपेक्षा पातळ छिलके काढा, आठवडाभर वाळवा, जुन्या पत्र्याच्या डब्यात कोरड्या रेतीत पुरा. ओटीजीत शंभर अंशांवर पूर्ण दिवस ठेवा, मग तासाला पंचवीस अंश वाढवत दोनशे तीसपर्यंत न्या, चार तास ठेवा आणि बंद करा. दुसऱ्या दिवसापर्यंत दार उघडायचे नाही. घाई असेल तर भाजूच नका, न भाजलेला चांगला गोटा पुरेसा आहे.

थोडक्यात आणखी काही

दुकानातले पॉलिश केलेले खडे घेऊ नका. ते वाटोळे असतात, बरेचदा रंगवलेले, आणि मारायला कडच सापडत नाही.

सरावासाठी जाड काचेच्या बाटलीचे बूड वापरा, चांगला दगड हात बसेपर्यंत जपून ठेवा.

उल्हासच्या पात्रात उन्हाळ्यातही सावध राहा. भिवपुरीच्या वीजकेंद्रातून सोडलेले पाणी तिथे येते आणि पातळी चढते.

बंद खोलीत घडवू नका. सिलिकाची धूळ फुप्फुसात साचते, खंभातच्या कारागिरांना त्यामुळे सिलिकोसिस होतो. उघड्या गच्चीवर, एन-९५ मास्क लावून बसा आणि झाडू मारण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसून घ्या.

घरी आल्या आल्या प्रत्येक गोट्यावर चिकटपट्टी लावून नदी, गाव आणि तारीख लिहा. सहा महिन्यांनी एखादा गोटा लोण्यासारखा फुटेल, तेव्हा तो नेरळचा की टिटवाळ्याचा हे त्या पट्टीवरूनच कळेल.