पीठ आमचं, चूल तुमची: सायकलवरून नर्मदा परिक्रमा करताना

नोव्हेंबर २०२२ मध्ये मी आणि माझी धाकटी जाऊ अशा आम्ही दोघी मिरजेहून सायकली घेऊन निघालो आणि नर्मदेची परिक्रमा करून ५२ दिवसांनी ओंकारेश्वरला परत टेकलो. एवढ्या दिवसांत भाड्याची खोली घेतली ती फक्त चार रात्री. बाकी सगळ्या रात्री आश्रमात, देवळात, शाळेच्या व्हरांड्यात आणि बऱ्याचशा ज्यांची नावंगावं ठाऊक नव्हती अशा लोकांच्या घरात काढल्या. मी शिवणकाम करते. ब्लाउज टाकायला येणाऱ्या बायका अजून विचारतात, सायकलला गिअर किती होते, रोज किती किलोमीटर व्हायचे. ते सांगतेच. पण खरं शिकायला लागलं ते वेगळंच होतं: दिवस कलताना परक्या गावात, परक्या दारात उभं कसं राहायचं. जी कुणी निघणार असेल तिच्यासाठी हे लिहितेय.

आधी वाटेचं थोडक्यात. नदी १,३१२ किलोमीटर लांब आहे. ती कायम उजव्या हाताला ठेवायची आणि कुठेही ओलांडायची नाही, एवढाच मुख्य नियम. उपनद्या ओलांडलेल्या चालतात. चातुर्मासात परिक्रमा थांबते, कार्तिकी एकादशीनंतर लोक उचलतात. आम्ही गोवा एक्सप्रेसने मिरजेहून खांडव्याला उतरलो, सायकली सामानाच्या डब्यात टाकल्या होत्या. तिथून ओंकारेश्वर सत्तरेक किलोमीटर. ओंकारेश्वराचं मंदिर बेटावर आहे, म्हणून तिथलं दर्शन संकल्पाआधी उरकायचं. संकल्प केला की पुलावर पाऊल टाकता येत नाही. दक्षिण तटावर संकल्प केला, बाटलीत नर्मदाजल भरलं आणि पश्चिमेला निघालो. पायी चालणारे शूलपाणीच्या झाडीतून, म्हणजे नदीकाठच्या डोंगराळ जंगलातून जातात. आम्ही बडवानीहून खेतिया, शहादा, प्रकाशा, तळोदा, अक्कलकुवा असा डांबरी रस्ता धरला. पुढे राजपीपला, अंकलेश्वर, हांसोट, मग विमलेश्वरला समुद्र. नावेने पलीकडे मिठी तलाईला उतरून उत्तर तटाने भरूच, गरुडेश्वर, महेश्वर, नेमावर, जबलपूर, मंडला करत नदीच्या उगमाशी अमरकंटक, आणि तिथून दक्षिण तटाने नर्मदापुरम, हंडियावरून परत. आमच्या मीटरवर तीन हजारांच्या वर आकडा गेला.

सायकल साधीच घ्या, पण ट्यूबचा व्हॉल्व्ह मोटरसायकलसारखा जाड असू द्या. बारीक व्हॉल्व्हच्या ट्यूबमध्ये गावातल्या पंक्चरवाल्याला हवा भरता येत नाही. मागच्या चाकाला ३६ तारा, पुढे लहानात लहान चकती, मागे पक्कं कॅरिअर. निमाडात, म्हणजे खरगोन-बडवानीच्या भागात, बाभळीचे काटे फार, दोघींत मिळून चार जादा ट्यूब ठेवल्या होत्या. पिशव्या मी ताडपत्रीच्याच शिवल्या. नर्मदाजलाच्या बाटलीला मात्र हँडलवर वेगळी कापडी खोळ केली, कारण ती बाटली जमिनीवर ठेवत नाहीत आणि घरात गेलं की पहिली तिलाच जागा विचारतात.

आता दाराकडे येते.

नर्मदेकाठी पाहुणचाराचे स्वतःचे शब्द आहेत, ते आधी शिकून घ्या. भेटल्यावर ‘नर्मदे हर’. रात्रीचा मुक्काम म्हणजे ‘आसन लावणं’. सकाळचा चहा-पोहे म्हणजे ‘बालभोग’. शिजवलेलं जेवण ‘भोजन प्रसादी’, आणि पीठ, डाळ, मीठ असा कोरडा शिधा दिला तर ते ‘सदाव्रत’, म्हणजे आपण रांधून खायचं. बाईला ‘माताजी’ किंवा ‘मैया’ म्हणतात. पहिले दोन दिवस मला संकोच वाटायचा. नंतर कळलं की ते आपल्याला नाही, आपल्या बाटलीतल्या पाण्याला म्हणतात. मग हाक निमूट घ्यायला जमलं.

चौथ्या दिवशी, कसरावदच्या अलीकडे, एका ओट्यावरच्या काकांनी आम्हाला हात करून थांबवलं. “रुक जाओ माताजी, आगे कहाँ जाओगी.” सायकली आत घेतल्या, खाट टाकली, आम्ही पाय सैल सोडले. साडेसात वाजून गेले होते. पाणी प्यायला आत गेले तर त्यांची सून परातीत पीठ मळत होती. दिवसभर कापूस वेचून आलेली. बोंडांच्या टोकांनी तिच्या बोटांच्या पेरांवर बारीक चिरा पडल्या होत्या आणि पिठातलं मीठ त्यांना झोंबत असणार, कारण ती मुठीऐवजी तळहाताच्या खालच्या बाजूने मळत होती. चूल सारवून झाली होती. घरातल्यांची जेवणं उरकली होती. आमच्यासाठी तिने चूल पुन्हा पेटवली. ती हसून बोलली, मनापासून वाढलं, पण मला घास जाईना. ‘रुक जाओ’ म्हणणारा ओट्यावर बसलेला असतो आणि त्या दोन शब्दांचं काम आत कुणाच्या तरी हातावर पडतं. माझ्या घरी इतकी वर्षं हेच चालत आलंय, तरी परक्या घरात पाहिल्यावर ते डोळ्यांत भरलं.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही रीत बदलली, आणि तीच तुम्हाला सांगते.

दुपारी चारच्या पुढे पेडल मारायचं नाही. डिसेंबरात अमरकंटकच्या बाजूला साडेपाचलाच दिवेलागण होते. चारला गावात शिरलात तर घरातल्या बाईला ठरवायला वेळ मिळतो, आणि नको म्हणायलाही. पहिला थांबा गावातलं किराणा दुकान. तिथे किलोभर पीठ, पावशेर तूर डाळ, चहापूड, साखर घ्यायची. दुकानदाराशी बोलणं होतं, गावात आश्रम किंवा धर्मशाळा आहे का ते कळतं, आणि दोघी कोण, कुठल्या, हे आपण घरोघर सांगण्याआधीच गावभर होतं. आश्रम असेल तर तिथेच जा, ती सोय त्यासाठीच आहे. नसेल तर पुजारी, शाळेतल्या बाई, अंगणवाडीताई, आशाताई. त्यांच्या ओळखीने दार उघडलं की घरच्यांनाही धाकधूक राहत नाही.

दारात गेल्यावर सायकल रस्त्यावरच उभी करायची, अंगणात घालायची नाही. हेल्मेट, गॉगल काढायचा. पुरुष समोर आला तरी नमस्कार करून घरातल्या बाईला बोलवायला सांगायचं. आणि तिला म्हणायचं: “दीदी, आटा-दाल हमारे पास है। बस आसन की जगह और थोड़ी देर चूल्हा मिलेगा क्या?” यात तीन गोष्टी साधतात. आपण जेवण मागत नाही, जागा मागतो. तिच्या कामात भर घालणार नाही हे आधीच सांगतो. आणि उत्तर तिने द्यायचं आहे, हे घरातल्या सगळ्यांसमोर ठरतं. बहुतेक वेळा ती पीठ परत सारते आणि म्हणते, आमचंच खा. तरी विचारायचं. आणि ती चूल पेटवायला बसली की आपण भांड्याला हात घालायचा.

चौक्यात, म्हणजे स्वयंपाकघरात, पाय टाकण्याआधी मात्र विचारा. काही घरांत परक्याने आत यायचं नसतं. जातही विचारतात, ‘कौन समाज?’ आम्ही दोघींनी ठरवलं होतं की ‘परिक्रमावासी’ एवढंच सांगायचं. दोन ठिकाणी तेवढ्याने भागलं नाही. तिथून हात जोडून उठलो आणि शाळेच्या व्हरांड्यात झोपलो. तुम्हीही आपलं उत्तर निघण्याआधी ठरवून ठेवा, दमलेल्या पायांनी दारात उभं राहून ते ठरवता येत नाही.

जेवताना ताटात पडण्याआधी हाताने ‘आधा’ दाखवा. निमाडात तूप सढळ, अलीराजपूरकडे मक्याचे पानिये, पानात दाबून गोवऱ्यांवर भाजलेले. दोन खाल्ले की पोट गच्च होतं आणि चौथा वाढायला हात तयारच असतो. टाकू नका, ती भाकरी कष्टाची आहे. पोट बिघडलं तर लपवू नका. जावेला नेमावरच्या पुढे जुलाब लागले तेव्हा आम्ही सरळ सांगितलं, आणि त्या घरच्या आजींनी दोन दिवस मऊ भात आणि ताकावर ठेवलं. ओआरएसची पाकिटं जवळ हवीतच. पाण्यात क्लोरीनची गोळी टाकायची असेल तर रात्री आपल्या बाटलीत टाका. दिलेल्या पेल्यात समोर बसून टाकू नका, वाईट वाटतं.

बायकांनी आणखी एक. शौचाची सोय आल्या आल्या घरातल्या बाईकडून समजून घ्या, रात्री अंधारात चाचपडण्यात अर्थ नाही. झोपायला मुलींच्या खोलीत जागा मागा, कमीपणा वाटून घेऊ नका. एका ठिकाणी आसन मिळालं होतं पण संध्याकाळी दारू प्यायलेली माणसं अंगणात जमली आणि एकजण पुन्हा पुन्हा फोन नंबर मागायला लागला. आम्ही वाद घातला नाही, सामान उचललं आणि रस्त्यापलीकडे चहाची टपरी चालवणाऱ्या बाईंकडे गेलो. तिने प्रश्न न विचारता फळी उचलून आत घेतलं. म्हणून सांगते, गावात शिरताना एखादी बाई चालवत असलेलं दुकान नजरेत धरून ठेवा.

पैसे घरात देऊ नका. घेत नाहीत आणि दुखावतात. आश्रमात मात्र पेटीत घाला, तिथलं धान्यही आजूबाजूच्या गावांतूनच आलेलं असतं. रस्त्याने धावत येणाऱ्या पोरांना चॉकलेट, नाणी वाटायची रीत पडली आहे, ती मला पटत नाही. मागच्या ट्रकचं भान न ठेवता मुलं सायकलीला लोंबकळतात. द्यायचंच असेल तर उतरून, शाळेत, बाईंच्या हातात वह्या-पेन्सिली द्या.

मग आपण द्यायचं काय? जे हाताला येतं ते. माझ्याकडे सुई-दोरा, छोटी कात्री, बटणं आणि कपड्या-पिशव्यांच्या चेनचे पाचेक रनर होते. दिंडोरीच्या अलीकडे एका घरात चौथीतली मुलगी दप्तर सेफ्टी पिनांनी बंद करत होती. रनरचे ओठ झिजून फाकले होते. चेनचं खालचं टोक उसवलं, जुना रनर काढला, दोन्ही बाजूंचे दाते एका रेषेत धरून नवा रनर चढवला, वर नेऊन पाहिला, आणि टोकाला आठ टाके घट्ट घालून बंद केलं. दहा मिनिटांचं काम. तोवर शेजारच्या तीन जणी जॅकेटं, पिशव्या घेऊन आल्या आणि रात्री दहापर्यंत कंदिलासारखा मोबाईल धरून पोरी माझ्याभोवती बसल्या. त्या रात्री मला त्या घरात पाहुणी असल्यासारखं वाटलं नाही. जाऊ मुलांचा अभ्यास घ्यायची. कुणाला सायकल दुरुस्त करता येते, कुणाला केस कापता येतात. निघण्याआधी विचार करा की आपल्या हातात काय आहे, आणि त्याची अवजारं बरोबर घ्या, पाव किलो वजन वाढलं तरी.

विमलेश्वरचं लक्षात ठेवा. नाव भरतीच्या वेळेवर सुटते, त्यामुळे एखाद-दोन दिवस मुक्काम धरून चाला. सायकल घ्यायची की नाही हे नावाडी ठरवतो, आदल्या दिवशीच जाऊन विचारा. आमच्या घेतल्या, पण पेडल काढून, हँडल वळवून. चढता-उतरताना चिखल पोटरीपर्यंत. पलीकडे गेल्यावर सगळ्यात आधी गोड्या पाण्याने सायकल धुवा आणि चेनला तेल द्या.

आणि माणसं ओळखून घ्या, ती तुम्हाला वाटेल तिथे भेटतात. रावेरखेडीला बाजीराव पेशव्यांच्या समाधीवर गेलो तेव्हा मिरज म्हटल्यावर तिथल्या एका आजोबांनी घरून ताक मागवलं. गरुडेश्वरला मराठी दत्तसंप्रदायातल्या टेंबे स्वामींच्या समाधीपाशी तर पुन्हा मराठीत गाऱ्हाणं सांगायला मिळालं, आणि मी पाठ दुखते हेच आधी सांगितलं.

निघताना पहाटे गुपचूप जाऊ नका. घरातल्या बाईला भेटूनच निघा, झोपलेली असेल तर थांबा. अंथरूण आपण घडी करायचं, झोपलो ती जागा झाडायची. एका वहीत तिच्याच हाताने पत्ता आणि पिनकोड लिहून घ्या. लिहिता येत नसेल तर मुलांकडून. फोटो विचारून काढा, तोही घरातल्या सगळ्यांचा, तिला पदर सावरायला वेळ देऊन.

ओंकारेश्वरला जल वाहून, कढाईचा शिरा करून मुलींना जेवू घातला की परिक्रमा पुरी होते. वहीचं काम तिथून सुरू होतं. आम्ही परत आल्यावर पंधरा दिवसांच्या आत फोटो कागदावर छापून घेतले आणि पोस्टाने पाठवले. मोबाईलवर पाठवलेला फोटो बहुतेक घरांत मुलाच्या फोनमध्ये राहतो, सुनेच्या हातात पडत नाही. पाकिटावर तिचंच नाव घाला. पुठ्ठ्याचा तुकडा आत ठेवा म्हणजे फोटो मुडपत नाही. मी प्रत्येकीला एक शिवलेली पिशवीही घातली, घडी करून पाकिटात मावेल अशी, आतून सुती कापडाची, कसरावदच्या त्या घरासाठी जरा मोठी, खांद्याला अडकवून कापूस वेचता येईल एवढी.