केळवणाचं डायनिंग टेबल: आधी ताट, मग थाट

लग्नसराई जवळ आली की घरोघर केळवणं सुरू होतात, आणि हल्ली केळवण म्हणजे जेवायला बोलावलं, औक्षण केलं, आहेर दिला एवढ्यावर भागत नाही, टेबल सजलेलं पाहिजे आणि फोटो आला पाहिजे. त्यात वाईट काही नाही, मला स्वतःला हे प्रकरण प्रचंड आवडतं. पण पूर्वी पंगत जमिनीवर असायची, पाटाभोवती महिरप काढा नाहीतर उदबत्तीचं घर ठेवा, जागाच जागा. आता ते सगळं आपण हॉलच्या कोपऱ्यातल्या चार बाय अडीच फुटांच्या टेबलावर बसवायला बघतो. मग होतं काय, तर मधोमध "केळवण" अशी मोठी अक्षरं, दोघांची नावं, हॅशटॅगची पाटी, पाकळ्यांचा सडा, दोन समया, आणि आमटीचं पातेलं टेकवायला कुठे जागाच नाही म्हणून काकू ते फडक्यात धरून उभ्या. टेबल सुंदर दिसतं पण जेवायला बसायचा धीर होत नाही.

म्हणून फुलं आणायच्या आधी टेप घ्या आणि मोजा, खरंच. एका माणसाला कोपर न लागता जेवायला साधारण 24 इंच रुंदी लागते. चार बाय अडीच म्हणजे 48 बाय 30 इंच. जेवणाचं ताट 12 इंचांचं धरा, समोरासमोर दोन ताटं झाली 24 इंच, दोन्ही कडांपासून इंच-इंच आत सरकवलं की 26, म्हणजे मधे उरले फक्त 4 इंच! त्या चार इंचांत तुम्ही काय फुलदाणी आणि काय अक्षरं बसवणार. सहा माणसांचं पाच बाय तीन फुटांचं टेबल असेल तर मधे 10 इंच मिळतात, तिथे थोडी चैन करता येते.

लहान टेबलावर माझा सरळ उपाय असा की चौघांना बसवूच नका. ज्यांचं केळवण आहे त्या दोघांना एका लांब बाजूला शेजारी-शेजारी बसवा (48 इंचात दोघं बरोब्बर मावतात), समोरची बाजू रिकामी ठेवा, ती सजावटीला आणि वाढायच्या भांड्यांना. वाढणाऱ्यालाही समोरून हात घालता येतो, फोटोही समोरून नीट येतो, कुणाच्या डोक्याची मागची बाजू फोटोत येत नाही. बाकीची मंडळी दुसऱ्या पंगतीला, नाहीतर ताट हातात घेऊन सोफ्यावर. एकाचंच केळवण असेल, म्हणजे फक्त मुलीचं किंवा फक्त मुलाचं, तर शेजारी आईला किंवा भावंडाला बसवा, एकटं बसून जेवायला कुणालाच आवडत नाही.

आता टेबल रिकामं करा. आपल्याकडच्या डायनिंग टेबलावर जेवण सोडून सगळं असतं, औषधांचा डबा, लाइटबिल, चार्जर, लोणच्याच्या बरण्या, कोपऱ्यात कालचा पेपर. ते सगळं आतल्या खोलीत. आणि हो, तो वरचा पारदर्शक प्लॅस्टिकचा कव्हर काढा. टेबल खराब होऊ नये म्हणून तो घातलेला असतो हे मान्य, पण त्याच्यावर ट्यूबलाइट चकाकते आणि त्याच्यावर काहीही मांडलं तरी ते दुकानातल्या काउंटरसारखंच दिसतं. एक दिवस टेबलाला मोकळा श्वास घेऊ द्या.

वर टेबलक्लॉथ पाहिजेच असं नाही. लाकडी टेबल असेल तर नुसता रनर पुरतो, आणि रनरला खणाच्या कापडासारखं दुसरं काही नाही. 48 इंचाच्या टेबलाला दोन्ही टोकांना सहा-सहा इंच लोंबायला धरले तर 60 इंच, म्हणजे साधारण दीड मीटर, दुमडून शिवण घालायची तर पावणेदोन मीटर घ्या. कर्नाटकातल्या गुळेदगुड्डचा अस्सल खण मिळाला तर उत्तम, नाही मिळाला तर आजीच्या जुन्या इरकलचा काठ वापरा, पदर विरलेला असला तरी काठ बहुतेक वेळा धड असतो. पैठणीवर मात्र ताटं मांडू नका, आमटीचा एक थेंब आणि घरात आठ दिवस सुतक. काचेच्या टेबलावर रनर सरकतो, खाली रबराची जाळीची मॅट येते ती घाला, नाहीतर दोन टोकांना डबल साइड टेप. आणि रंग ठरवताना एक सोपी युक्ती, खणाच्या काठाचा जो रंग आहे तोच फुलांचा रंग घ्या, तिसरा रंग आणूच नका. हिरवा खण, लाल काठ, लाल शेवंती, बास. केळीच्या पानाचा हिरवा आणि जेवणाचे रंग त्यात येणारच आहेत.

केळीच्या पानाबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण सगळ्या सजावटीत सगळ्यात जास्त शोभा त्याचीच आणि सगळ्यात जास्त फजितीही त्याचीच. पान आणलं की ओल्या फडक्याने दोन्ही बाजूंनी पुसायचं, धुऊन ठेवलं तर शिरांमधे पाणी राहतं आणि भाताखाली येतं. मधली शीर मागून जाड असते, त्यामुळे पान टेबलावर सपाट बसत नाही, डुगडुगतं, आणि वाटी कलंडते. ती मागची जाड शीर सुरीने आडवी धरून अलगद तासून घ्या, पान न फाटता. मग गॅसच्या मंद आचेवरून पान एकदा झरकन फिरवा, रंग गडद होतो, चकाकी येते आणि ते मऊ पडतं, आता दुमडलं तरी चिरत नाही. जास्त वेळ धरलं तर काळं पडेल, तेव्हा हात चालता ठेवा. तयार पानं ओल्या कापडात गुंडाळून ठेवायची आणि मंडळी हात धुवायला उठली की मगच मांडायची, पंख्याखाली अर्ध्या तासात कडा वळायला लागतात.

पान थेट टेबलावर मांडलं तर फोटो भारी येतो, पण पातळ आमटी ओघळते आणि सनमायकावर पान घसरतं. त्यापेक्षा पानावर ताट उपडं ठेवून त्याच्या कडेने सुरी फिरवा, गोल कापलेलं पान ताटात घाला. ताट पितळी असेल तर हे करायलाच हवं, कारण कल्हई नसलेल्या पितळेत ताक, चिंचेची आमटी, लिंबू असलं आंबट काही ठेवायचं नसतं. वाट्या मग स्टीलच्या किंवा कल्हईच्या घ्या. अख्खं पान मांडणारच असाल तर टोकाकडची निमुळती बाजू जेवणाऱ्याच्या डाव्या हाताला. घरात एखादी तरी आजी असते जी पान उलटं मांडलेलं लगेच ओळखते.

आणि खरी सजावट तर वाढण्यातच आहे हो! आपली डावी-उजवी बाजू ज्यांनी कुणी ठरवली त्यांना रंगांची चांगली जाण असणार. वर मधोमध मीठ, त्याच्या डावीकडे लिंबाची फोड, हिरवी चटणी, पांढरी कोशिंबीर, लाल लोणचं, उजवीकडे पिवळी बटाट्याची भाजी, उसळ, आमटीची वाटी, गोड, आणि खाली मधे भाताची मूद, तिच्यावर पिवळंधमक वरण आणि तूप. हे सगळं नीट, आपापल्या जागी, एकमेकांना न लागता वाढलं तर त्या ताटाला बाहेरून पाकळ्यांची गरज उरत नाही. मूद सुटत नसेल तर वाटीला आतून तुपाचं बोट फिरवा. वाटीची कड पुसा, आमटीचा ओघळ दिसता कामा नये. केळवण सामिष असेल तरी काही बिघडत नाही, कोल्हापूरकडे तांबडा आणि पांढरा रस्सा शेजारी-शेजारी ठेवला की तोच सेंटरपीस, आणि कोकणातल्या घरी सोलकढीचा गुलाबी रंग काचेच्या ग्लासात घाला, स्टीलच्या पेल्यात तो वाया जातो.

पाण्याचं भांडं कुठे ठेवायचं यावरून घरात वाद होतात. हॉटेलात ग्लास उजवीकडे असतो, पण आपण हाताने जेवतो, उजवा हात खरकटा, मग तांब्या-भांडं डावीकडेच बरं. नॅपकिनही तिकडेच.

रांगोळी. टेबलावर सुकी रांगोळी घालू नका, म्हणजे नकोच. ती दगडाची भुकटी असते, पंखा लागला की ताटात येते आणि दाताखाली कचकचते. घालायचीच तर तांदळाच्या पिठाची घाला, तीही ताटापासून लांब. पाकळ्यांची महिरप त्याहून सोपी, ताटाच्या वरच्या अर्ध्या भागाला कमान करायची, पूर्ण गोल नको, जेवणाऱ्याच्या बाजूला पाकळ्या असल्या की त्या बाहीला चिकटून मांडीवर येतात. दोन ताटांना पाव किलो झेंडू भरपूर होतो. एक सांभाळा, ओल्या झेंडूचा पिवळा डाग पांढऱ्या कापडावर पडतो आणि जाता जात नाही. फुलं आणली की पेपरवर पसरून, झटकून तासभर ठेवा, शेवंतीत बारीक किडे असतात ते आपले आपण बाहेर पडतात, कोशिंबिरीत पडण्यापेक्षा बरं.

फुलांचा वास हा विषय कुणी लक्षात घेत नाही. निशिगंध, सोनचाफा, मोगऱ्याचे गजरे हे दारात, खिडकीत, नवरीच्या केसांत, पण टेबलावर नको, तुम्ही दोन तास खपून केलेल्या मसालेभाताचा वासच येणार नाही. सुगंधी मेणबत्तीचंही तेच, आणि उदबत्ती औक्षणापुरती लावून जेवण वाढताना बाहेर नेऊन ठेवा. टेबलावर झेंडू, शेवंती, अ‍ॅस्टर, जास्वंद. उंची तपासायची तर खुर्चीत बसा, कोपर टेबलावर टेकून हात उभा धरा, मनगटाच्या वर जाणारं काहीही मधे नको, समोरच्याचा चेहरा दिसला पाहिजे, नाहीतर उखाणा घेणार कुणाकडे बघून! तीन छोट्या पितळी वाट्या, पाणी, त्यात देठ छाटलेलं एकेक फूल, हे चार इंचातही बसतं. मोठं घंगाळ किंवा तसराळं असेल तर ते समोरच्या रिकाम्या बाजूला. पितळ आदल्या रात्री चिंच-मिठाने नाहीतर पितांबरीने घासून, लगेच कोरडं पुसून ठेवा, पाण्याचे डाग राहिले तर घासून उपयोग काय.

अक्षरांची हौस असेल तर थर्माकोल नको, सजावटीच्या थर्माकोलवर राज्यात 2018 पासून बंदीच आहे. कार्डशीटवर लिहून ती पाटी टेबलावर न ठेवता मागच्या भिंतीला लावा. मागे फ्रिज येत असेल तर टेबलच फिरवा, मॅग्नेट आणि दुधाचा हिशोब फोटोत नको असतो. भिंतीला एखादी साधी साडी ताणून लावली तरी पुरते, तिथे पैठणी चालेल.

दिवे आणि पंखा यांचं भांडण कायमचं आहे. जेवताना पंखा लागणारच, मार्च-एप्रिल-मेच्या लग्नात तर लागणारच लागणार, म्हणून टेबलावरच्या निरांजनाला काचेची चिमणी घाला किंवा ते उंच काचेच्या ग्लासात ठेवा, आणि समई टेबलावर नकोच, ती खाली कोपऱ्यात पाटावर, तेल रनरवर सांडत नाही आणि मुलांचे हात लागत नाहीत. वरच्या दिव्याने मात्र खूप फरक पडतो. आपल्या घरांत बहुतेक 6500 केल्विनचा (केल्विन म्हणजे प्रकाशाच्या रंगछटेचं माप) पांढराफेक प्रकाश असतो, त्यात पुरणपोळीसुद्धा आजारी दिसते. त्या दिवसापुरता 2700 ते 3000 केल्विनचा पिवळसर बल्ब लावा, खोक्यावर आकडा लिहिलेला असतो. लटकता दिवा बसवणार असाल तर टेबलापासून साधारण 30 इंच वर, उभं राहिल्यावर डोकं आपटत नाही ना ते बघून. दुपारचं केळवण असेल तर हे सगळं सोडा, पडदे उघडा.

परदेशात राहणाऱ्यांसाठी, इंडियन किंवा एशियन दुकानात फ्रोझन केळीची पानं मिळतात, आदल्या रात्री फ्रिजमधे काढून ठेवा आणि सकाळी पुसून घ्या, गरम तव्यावर क्षणभर टेकवली की छान मऊ होतात. झेंडू नाही मिळाला तर पिवळी-केशरी शेवंती घ्या, पाकळ्या सुट्या केल्यावर फोटोत फरक कळत नाही.

कामाची वाटणी अशी ठेवा की आदल्या रात्री टेबल, पितळ, रनरला इस्त्री, सकाळी फुलं आणि भिंत, मंडळी यायच्या आधी तासभर पाकळ्या (वर पाण्याचा हबका, पण रनर वाचवून), आणि पानं एकदम शेवटी. फोटो काढायचे ते वाढून झाल्या-झाल्या दोन मिनिटांत, मग फोन बाजूला, पुऱ्या गार होतात.

आवरताना पाकळ्या कुंड्यांत टाका, पानं ओल्या कचऱ्यात. खणाच्या रनरवर हळद सांडली असेल तर आधी गार पाण्याखाली धरा, साबण मग, आणि तो एकटाच धुवा, बहुतेक खणांचा रंग पहिल्या दोन-तीन धुण्यांत जातो. सावलीत पसरून वाळवा, दांडीवर दुमडून घातला तर काठाचा रंग मधल्या कापडाला लागतो.