किती मुलं हवीत, हे बाईला विचारायचं कसं

खानापूर, निपाणी, बेळगावकडच्या गावांत हा प्रश्न ओसरीवर विचारलात, तर उत्तर सासूबाई देणार. म्हणून बाई परसात भांडी घासत एकटी असेल तेव्हा शेजारी बसा. सर्वेक्षणाचा फॉर्म कन्नडमध्ये छापलेला असला, तर मराठी वाक्यं आदल्या दिवशीच लिहून ठेवा. ऐनवेळी भाषांतर केलं की ‘किती हवीत’चं ‘किती पाहिजेतच’ होतं, आणि बाई स्वतःची इच्छा सोडून घरची रीत सांगू लागते.

मूल नसेल तर सरळ विचारा, “अक्का, एकूण किती मुलं असावीत असं वाटतं?” मुलं असतील तर असं विचारा: “एकही मूल नव्हतं त्या दिवसांत परत जाता आलं आणि तुम्हीच ठरवायचं म्हटलं, तर किती?” राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातही हाच रोख असतो. कारण साधं आहे. तिसरं लेकरू मांडीवर असताना कुठली आई ‘दोनच’ म्हणेल?

मग मुलगे किती, मुली किती आणि कोणीही चालेल असे किती, हे वेगवेगळं विचारा. ‘दोन’च्या आत बरेचदा ‘एक मुलगा तरी’ दडलेला असतो.

‘देव देईल तेवढी’ असं उत्तर आलं, तर एकदाच पुन्हा विचारा. तरीही तेच आलं, तर तिचेच शब्द लिहा, मनाने 2 भरू नका.

शेवटी ‘पुढचं कधी?’ हे विचारा. एवढ्यात नको म्हणाली, तर दिवस राहू नयेत म्हणून घ्यायचं अंतरा इंजेक्शन दर 3 महिन्यांनी घ्यावं लागतं आणि तांबी बाळंतपणानंतर 48 तासांच्या आतही बसवता येते, हे तिथेच सांगा.