काटापट्टी, कापूस आणि हेडरची ओळ

बी.ए. झालं होतं, एमएस-सीआयटीचं सर्टिफिकेट हातात होतं, आणि यवतमाळ जिल्ह्यातल्या राळेगावच्या बाजूला एका शेतकरी उत्पादक कंपनीला कापूस खरेदीच्या हंगामापुरतं कॉम्प्युटरवर बसायला कोणीतरी पाहिजे होतं. मी बसले. "एक्सेल येतं का?" म्हणून विचारलं, मी हो म्हटलं. खोटं नव्हतं. बेरीज येत होती, सरासरी येत होती, सेलमध्ये रंग भरता येत होता. रकान्यांना नावं कशी द्यायची हे मात्र कोणी शिकवलं नव्हतं. त्यात शिकवण्यासारखं काही असतं, असंच कोणाला वाटत नाही.

सीतादही (वेचणीआधी शेतात होणारी पूजा) होऊन कापसाचा वेचा सुरू झाला की दिवाळीच्या आसपास आवक वाढते. बैलबंड्या, ट्रॅक्टर, मेटॅडोर, सगळे वजनकाट्यापुढे लायनीत. काट्यावरचे भाऊ पट्टी, म्हणजे वजनाची पावती, फाडतात आणि ती माझ्या टेबलावर येते: नाव, गाव, गाडी नंबर, भरलं वजन, रिकामं वजन, ओलावा, भाव.

माझी पहिली शीट दिसायला झकास होती. वरच्या चार ओळींत कंपनीचं नाव, केंद्र, हंगाम, तारीख, सगळे सेल मर्ज करून मधोमध. त्याखाली दोन मजली मथळा: वरच्या मजल्यावर 'वजन', खालच्या मजल्यावर भरलं, रिकामं, निव्वळ. आणि डावीकडची नाव-गावाची माहिती उजवीकडच्या वजनाला चिकटू नये म्हणून मध्ये एक कोरा रकाना. घरात सातबारा, आठ-अ बघत मोठं झालेल्या माणसाला मथळा असाच असतो असं वाटतं. कागदावर तो बरोबरही आहे, कारण कागद डोळ्यांनी वाचायचा असतो.

आठव्या दिवशी साहेबांनी यादी नावाप्रमाणे लावून मागितली. नावाच्या रकान्यात क्लिक केलं आणि सॉर्ट दाबलं. एक्सेल म्हणालं, मर्ज केलेले सेल सारख्या आकाराचे नाहीत, जमणार नाही. मी सगळं अनमर्ज केलं आणि पुन्हा दाबलं. आता जमलं. कंपनीचं नाव तळाला गेलं आणि 'शेतकऱ्याचे नाव' हा मथळा शामराव आणि शेवंताबाईंच्या मधोमध जाऊन बसला. मला हसू आलं. त्या ओळी उचलून वर ठेवल्या, प्रिंट काढली, बोर्डावर लावली.

दुसऱ्या दिवशी एक काकाजी पट्टी घेऊन आले. "ताई, माह्या पट्टीवर तं 11 क्विंटल 40 किलो हाय. तुमच्या कागदावर 7 काहून?"

झालं होतं असं, की कोरा रकाना आला की एक्सेलच्या लेखी तक्ता तिथेच संपतो. त्यामुळे नावं, गावं, गाडी नंबर अक्षरानुसार हलले आणि पलीकडची वजनं जागची हलली नाहीत. कुठलीही सूचना नाही, काही नाही. नशिबाने पैसे अजून खात्यात गेले नव्हते. रात्री साडेनऊपर्यंत काट्यावरचे भाऊ पट्ट्या वाचत होते आणि मी वजनं पुन्हा भरत होते. पट्टी नंबरचा रकाना वजनाच्या बाजूला घेतला असता तर कोणतं वजन कोणत्या पट्टीचं ते तिथेच दिसलं असतं आणि दहा मिनिटांचं काम होतं, हेही तेव्हाच कळलं. तेव्हापासून पट्टी नंबर पहिल्या रकान्यात, आणि मध्ये कोरं काही नाही.

आता मी हेडर, म्हणजे मथळ्याची ओळ, अगदी पहिल्या सेलपासून, ए1 पासून सुरू करते. मथळा एकाच ओळीत, त्याच्या लगेच खालून माहिती. 'वजन' असा वरचा मजला न बांधता तीन पूर्ण नावं देते: 'भरलं वजन (किलो)', 'रिकामं वजन (किलो)', 'निव्वळ वजन (किलो)'. नाव लांब झालं तर रॅप टेक्स्ट करायचं, किंवा आल्ट धरून एंटर मारायचं; सेल एकच राहतो आणि मजकूर दोन ओळींत बसतो. एकक मथळ्यातच हवं. सेलमध्ये कोणी '11.40 क्विंटल' असं लिहिलं की तो आकडा न राहता मजकूर होतो, आणि बेरीज त्याला मुकाट्याने सोडून देते. काटा किलोत दाखवतो, भाव क्विंटलचा असतो. म्हणून क्विंटलचा वेगळा रकाना, त्यात 100 ने भागायचं सूत्र.

एकच नाव दोन रकान्यांना नको. आमच्याकडे शेतकऱ्याचं 'नाव' आणि बँक खात्यावरचं 'नाव' ही दोन वेगळी माणसं निघतात, बऱ्याचदा बाप आणि लेक. मथळ्याचा सेल कोरा सोडला तर पिव्हट टेबल (एक्सेल आपोआप काढून देतं तो गोषवारा) बनतच नाही, फील्डचं नाव चुकीचं आहे म्हणतं.

मथळा लिहितानाच रकान्याचा प्रकारही ठरवून टाका. 'खाते क्रमांक' हा आधी टेक्स्ट करायचा, मग भरायचा. नाहीतर सुरुवातीची शून्यं गळतात, आणि 15 अंकांच्या पुढचे अंक एक्सेल शून्य करून टाकतं. नंतर टेक्स्ट केलं तर गेलेले अंक परत येत नाहीत. 12 अंकी आधार क्रमांकाचं तर ई+11 वालं भलतंच चित्र दिसतं. आयएफएससी कोड 11 अक्षरांचा, त्यातलं पाचवं नेहमी शून्य. लोक तिथे इंग्रजी ओ लिहितात आणि पैसे अडकतात.

जुन्या फाइलींचे मथळे कृतिदेव या जुन्या देवनागरी फॉन्टमध्ये असतात. फॉन्ट नसलेल्या कॉम्प्युटरवर त्यांचा निव्वळ कचरा दिसतो. सरळ युनिकोडमध्ये नव्याने लिहा.

चारशे ओळी झाल्या की खाली सरकताना कोणता आकडा कशाचा ते कळत नाही. व्ह्यूमध्ये फ्रीझ पेन्स, त्यात फ्रीझ टॉप रो. पण आधी शीट पार वर नेऊन घ्या, कारण ते पडद्यावर दिसणारी सगळ्यात वरची ओळ गोठवतं. मी एकदा सदतिसावी ओळ गोठवली होती आणि वरच्या छत्तीस गेल्या कुठे म्हणून शोधत बसले. पेज लेआउट व्ह्यूमध्ये असाल तर फ्रीझ चालतच नाही. मोबाइलवर गूगल शीट्स वापरणाऱ्यांनी फ्रीझ आधी करावं. तिथे पूर्ण शीट सॉर्ट करताना गोठवलेली ओळ जागेवर राहते.

त्याहून सोयीचं म्हणजे कंट्रोल धरून टी दाबा आणि 'माय टेबल हॅज हेडर्स'वर टिक आहे ना ते बघा. मग एक्सेलला मथळा कोणता ते कायमचं कळतं, आणि खाली सरकलं की ए, बी, सीच्या जागी रकान्यांची नावं दिसतात.

पडद्यावर गोठवलेली ओळ कागदावर मात्र पहिल्याच पानावर छापली जाते. प्रत्येक पानावर हवी असेल तर वरच्या पेज लेआउट टॅबमध्ये प्रिंट टायटल्स, आणि 'रोज टू रिपीट ॲट टॉप'मध्ये $1:$1. प्रिंट प्रिव्ह्यूमधून तिथे गेलात तर ती चौकट मंद दिसते, काही भरता येत नाही. शीटवर परत या आणि मग करा. यात माझी एक दुपार गेली आहे.

यंदा माझ्या बाजूला एक नवीन पोरगा बसतो. सगळं सांगून झाल्यावर त्याने विचारलं, "मग कंपनीचं नाव कुठं लिहायचं, ताई? साहेब तं मागतीनच." ते पेज सेटअपमधल्या हेडर-फूटरमध्ये. त्याचंही नाव हेडरच, पण ते पानाचं. कागदावर वर छापून येतं आणि शीटमधला एकही सेल अडवत नाही. तो म्हणाला, "दोघायचंही नाव हेडरच काहून ठेवलं बाप्पा?" मलाही माहीत नाही.