पब्लिक हाउसिंगमधील संगणक केंद्र कसे चालवावे : आधी भाड्याचा प्रश्न, मग धडे

अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांत संगणक जाणणाऱ्यांची वाण नाही आणि आठवड्याचे तीन-चार तास लोकांसाठी द्यावेत असे वाटणारेही पुष्कळ आहेत. त्यांपैकी ज्यांना तेथील सरकारी घरांच्या वसाहतीत, म्हणजे पब्लिक हाउसिंगमध्ये, संगणक व रोजगार प्रशिक्षणाचे केंद्र सुरू करण्यास किंवा असलेले केंद्र सावरण्यास मदत करायची आहे, त्यांच्यासाठी हे टिपण आहे. मी अशा एका केंद्रात शनिवारी शिकवते. सुरुवातीला मी केवळ अभ्यासक्रमाचा विचार करत होते, ही माझी चूक होती. रहिवाशांच्या आयुष्याला लागू असलेले नियम समजून घेतल्याशिवाय वर्ग भरत नाहीत, हे मला उशिरा कळले.

या वसाहतींचा मूळ कायदा १९३७ सालचा आहे. केंद्र सरकारचा गृहनिर्माण विभाग, म्हणजे हड, पैसा आणि नियम देतो. घरांचा कारभार मात्र स्थानिक हाउसिंग अथॉरिटी पाहते. त्यामुळे परवानगी अथॉरिटीकडून घ्यावी, पण त्याआधी रहिवासी समितीला भेटावे. हडने १९९५मध्ये नेबरहूड नेटवर्क्स हा उपक्रम सुरू केल्यावर अनेक इमारतींत संगणक केंद्रे उभी राहिली होती, तेव्हा नवी जागा मागण्यापूर्वी तुमच्या इमारतीत तसे एखादे केंद्र होते का आणि त्याची खोली आज कशासाठी वापरली जाते, याची चौकशी करावी.

आता भाड्याविषयी. बहुतेक कुटुंबांचे भाडे त्यांच्या समायोजित उत्पन्नाच्या, म्हणजे नियमांतील वजावटी केल्यावर उरणाऱ्या उत्पन्नाच्या, सुमारे ३० टक्के ठरते. म्हणजे नव्या नोकरीमुळे महिन्याला एक हजार डॉलर अधिक मिळू लागले, तर त्यांतले जवळपास तीनशे वाढीव भाड्यात जाऊ शकतात, शिवाय प्रवास आणि पाळणाघर यांचा खर्च वेगळाच. हा हिशेब रहिवाशांना आपल्यापेक्षा चांगला येतो आणि त्यांच्या अनुत्साहाचे मूळ पुष्कळदा आळसात नसून या हिशेबात असते. म्हणून पहिल्याच आठवड्यात अथॉरिटीकडे फॅमिली सेल्फ-सफिशियन्सी ही योजना आहे का, हे विचारावे. १९९०च्या कायद्यातून आलेल्या या योजनेत कुटुंब साधारण पाच वर्षांचा करार करते. कमाई वाढल्यामुळे भाडे वाढले, तर त्या वाढीइतकी रक्कम कुटुंबाच्या नावे एका राखीव खात्यात जमा होत जाते आणि करारातील उद्दिष्टे पूर्ण झाल्यावर ती कुटुंबाला मिळते. ही योजना सर्वत्र नसते. जिथे असेल, तिथे तिच्या समन्वयकाला पहिल्या वर्गालाच बोलवावे, कारण तो अर्धा तास बाकीच्या महिन्यापेक्षा मोलाचा ठरतो. १९९८मध्ये सहा शहरांत सुरू झालेल्या जॉब्स-प्लस या प्रयोगातही रोजगारसाहाय्य, भाड्यातील सवलत आणि शेजाऱ्यांचा आधार या तिन्ही गोष्टी जिथे नीट राबवल्या गेल्या, तिथेच रहिवाशांची कमाई लक्षणीय वाढली.

दुसरा नियम हजेरीशी संबंधित आहे. पब्लिक हाउसिंगमधील ज्या प्रौढांना नोकरी, वय, अपंगत्व अशा कारणांनी सूट नाही, त्यांनी दरमहा आठ तास समाजसेवा किंवा स्वावलंबनाचा उपक्रम करणे बंधनकारक असते, आणि रोजगार प्रशिक्षण या उपक्रमांत मोडते. आपल्या वर्गाचे तास त्यात धरले जातील, असे अथॉरिटीकडून लेखी घ्यावे. येण्याची व जाण्याची वेळ सहीसह नोंदवावी आणि महिन्याच्या अखेरीस प्रत्येकाला त्याची प्रत द्यावी.

पहिला धडा टंकलेखनाचा नसावा; समोरच्या व्यक्तीला ज्या नोकरीसाठी अर्ज करायचा आहे, तो अर्जच पहिला धडा समजावा. माझ्या वर्गातील एक बाई फोनवर दोन्ही अंगठ्यांनी झरझर लिहीत, परंतु माऊस हातात आला की त्यांचे मनगट ताठ होई. त्यांचा अर्ज तयार होता, अनुभवपत्र तयार होते, आणि तरीही आम्ही पाऊण तास ईमेल उघडू शकलो नाही, कारण पडताळणीचा कोड त्यांच्या जुन्या, बंद झालेल्या फोन क्रमांकावर जात होता. प्रीपेड फोन वापरणाऱ्यांचे क्रमांक बदलत राहतात. तेव्हापासून मी प्रत्येकाचे ईमेल पहिल्याच दिवशी तपासते, त्याला पर्यायी पत्ता जोडून घेते आणि पुनर्प्राप्तीचे कोड कागदावर लिहून त्यांच्याच पाकिटात ठेवायला सांगते. परवलीचा शब्द आपण लिहून ठेवू नये, पाहूही नये. सामायिक संगणकांवर अतिथी खाते असावे, म्हणजे बाहेर पडताच सारी माहिती पुसली जाईल.

नोकऱ्या शोधताना वसाहतीच्या आवारातूनच सुरुवात करावी. १९६८च्या गृहनिर्माण कायद्यातील सेक्शन ३नुसार हडच्या पैशांतून होणाऱ्या कामांतील रोजगार व प्रशिक्षण अल्प उत्पन्न गटातील स्थानिकांना मिळावे, असा प्रयत्न करावा लागतो. २०२०च्या नियमांत एकूण श्रमतासांपैकी २५ टक्के अशा कामगारांचे आणि ५ टक्के पब्लिक हाउसिंगमधील रहिवाशांसारख्या विशेष लक्ष्यगटाचे असावेत, असे उद्दिष्ट आहे. येत्या वर्षात छप्पर, रंगकाम किंवा बॉयलरची कोणती कंत्राटे निघणार आहेत, हे अथॉरिटीच्या सेक्शन ३ समन्वयकाला विचारून त्यानुसार प्रशिक्षण आखावे. शुल्क घेणाऱ्या प्रमाणपत्र वर्गांत कोणालाही पाठवण्यापूर्वी जवळच्या अमेरिकन जॉब सेंटरमध्ये, म्हणजे सरकारी रोजगार केंद्रात, त्याच प्रशिक्षणासाठी निधी मिळतो का, हे पाहावे.

घरच्या इंटरनेटसाठी दरमहा ३० डॉलरपर्यंत मदत देणारी अफोर्डेबल कनेक्टिव्हिटी योजना १ जून २०२४ रोजी संपली. आता फोन किंवा इंटरनेटच्या बिलासाठी असलेल्या लाइफलाइन या सरकारी योजनेची दरमहा ९.२५ डॉलरपर्यंतची सवलत उरली आहे आणि तिचा अर्ज केंद्रातच भरून द्यावा. पुष्कळांना अर्जांसाठी केंद्राचेच इंटरनेट वापरावे लागते, म्हणून खोली कामावरून परतणाऱ्यांना सोयीच्या वेळी, संध्याकाळी सहा ते नऊ, उघडी ठेवावी, मुलांसाठी एक कोपरा राखावा आणि किल्ली आपल्याकडे न ठेवता रहिवासी समितीतील दोघांकडे द्यावी, म्हणजे आपण गावाला गेलो तरी कुलूप निघेल.