फ्रेंच राज्यक्रांतीचा कालपट कसा मांडावा

पॅरिसचा तुरुंग-किल्ला बॅस्टिल पडला १४ जुलै १७८९ ला आणि राजेशाही रद्द झाली २१ सप्टेंबर १७९२ ला. मधली तीन वर्षं दोन महिने सोळावा लुई राजाच होता. बहुतेक कालपट फसतात ते इथेच: बॅस्टिलनंतर थेट गिलोटिन येतं आणि मधल्या काळात काय चाललं होतं ते दिसतच नाही.

आधी कागद. मे १७८९ ते जुलै १७९४ हे ६३ महिने होतात. महिन्याला २ सेंमी धरले तर आडव्या ए-फोर कागदावर १४ महिने बसतात, म्हणजे पाच कागद चिकटवले की काम भागतं. एकाच पट्टीवर सगळं लिहू नका. आडवे पाच पट्टे आखा: सभा, पॅरिसचे रस्ते, खेडी व प्रांत, युद्ध, आणि सर्वांत खाली ‘राजाच्या हातात काय उरलं’. या शेवटच्या पट्ट्यासाठीच खरं तर एवढा खटाटोप करायचा, म्हणून त्याला दुप्पट उंची द्या.

या पट्ट्यात घटना लिहायच्या नाहीत, अधिकार लिहायचे आणि एकेक गेला की खोडायचा. ५ मे १७८९ ला व्हर्सायच्या राजवाड्यापाशी एस्टेट्स जनरल (धर्मगुरू, सरदार आणि उरलेली जनता या तीन वर्गांच्या प्रतिनिधींची सभा) भरलं तेव्हा कायदा, कर, सैन्य, मंत्री, सगळं राजाकडे होतं. १७ जूनला तिसऱ्या वर्गाने स्वतःला राष्ट्रीय सभा म्हणवून घेतलं आणि चालू कर आपल्या संमतीविना बेकायदा ठरवले, तूर्त वसूल होऊ दिले तरी. इथे ‘कर’ खोडा. १४ जुलैला पॅरिस हातचं गेलं. १७ जुलैला राजाने स्वतः शहरात येऊन तिरंगी फीत स्वीकारली. ६ ऑक्टोबरला बायकांच्या मोर्च्यामागोमाग राजघराणं व्हर्सायहून पॅरिसला ट्युलरी राजवाड्यात आलं, आणि तिथून पुढे राजा कुठे राहील हेही त्याच्या हातात उरलं नाही. सप्टेंबर १७९१ च्या राज्यघटनेने त्याच्याकडे मंत्री नेमण्याचा अधिकार ठेवला, शिवाय नकाराधिकार. या नकाराधिकाराने ठराव कायमचा मरत नसे. पण तो सलग दोन विधिमंडळं अडकून पडू शकत असे. हा नकाराधिकार ठळक लिहा. जून १७९२ मध्ये राजाने तो वापरला, पाठोपाठ काही मंत्र्यांना काढलं, आणि २० जूनला जमाव ट्युलरीत घुसला. १० ऑगस्टला राजवाड्यावर सशस्त्र हल्ला झाला, सभेने राजाला निलंबित केलं, १३ ला राजघराण्याची रवानगी पॅरिसमधल्या टेम्पल या जुन्या गढीच्या कैदेत झाली. २१ सप्टेंबरला रद्द करण्यासारखं फक्त नाव उरलं होतं.

आता पुरवण्या. २ सेंमीच्या महिन्यात जुलै १७८९ मावत नाही. २० जून ते १७ जुलै हे २८ दिवस, दिवसाला १ सेंमी धरून वेगळ्या कागदावर मांडा. म्हणजे अर्थमंत्री नेकरची बडतर्फी ११ जुलैची आणि बॅस्टिल तीन दिवसांनंतरचं, हे डोळ्यांना दिसतं. लोक बॅस्टिलकडे गेले ते बंदुकीच्या दारूसाठी. बंदुका त्यांनी त्याच सकाळी अँव्हालिदमधून (पॅरिसमधलं जखमी-निवृत्त सैनिकांचं निवासस्थान) आणल्या होत्या. कैदी आत फक्त सात होते. दुसरी पुरवणी १ ऑगस्ट ते २२ सप्टेंबर १७९२ ची, दिवसाला अर्धा सेंमी. व्हाल्मीची लढाई (जिथे फ्रेंचांनी चालून आलेल्या प्रशियाच्या सैन्याला अडवलं) २० सप्टेंबरची, राजेशाही गेली दुसऱ्या दिवशी. युद्धाचा पट्टा वेगळा ठेवल्याचा फायदा इथे कळतो.

पावाचा भाव रस्त्याच्या पट्ट्यावर पेन्सिलीने लिहा. १७८९ च्या पूर्वार्धात पॅरिसमध्ये चार पौंडी पाव साडेचौदा सूवर (सू म्हणजे तेव्हाचं फ्रेंच नाणं) गेला होता आणि साध्या मजुराची रोजची कमाई २० ते ३० सू होती. मात्र भावावरून सगळं सिद्ध करायला जाऊ नका. भुकेने गर्दी जमते. नकाराधिकाराविरुद्ध ती का गेली, हे भुकेवरून कळत नाही.

नेहमीच्या चुका दोन. पहिली तारखांची: २० जून तीनदा येतो. १७८९ ला टेनिस कोर्टची शपथ, १७९१ ला रात्री राजाचं पलायन (दुसऱ्या रात्री व्हारेनला पकडला गेला), १७९२ ला ट्युलरी. वर्ष लिहिल्याशिवाय ही तारीख टिपूच नका. दुसरी सभांची. संविधान सभा (म्हणजे वरची राष्ट्रीय सभाच) ३० सप्टेंबर १७९१ पर्यंत, विधानसभा १ ऑक्टोबरपासून, कन्व्हेन्शन ही तिसरी सभा सप्टेंबर १७९२ पासून. तिघींना वेगळे रंग द्या. पहिल्या सभेने आपल्याच सदस्यांना दुसरीत बसायला बंदी केली होती, तीही क्रांतीचा एक पुढारी रोब्सपियर याच्या सूचनेवरून. त्यामुळे १७९२ च्या वसंतात युद्धाची घोषणा करणाऱ्या सभेत तो सापडणार नाही; तेव्हा तो जॅकोबिन क्लबात, म्हणजे क्रांतिकारकांच्या राजकीय मंडळात, युद्धाविरुद्ध बोलत होता.

ऑक्टोबर १७९३ नंतर कागदपत्रांत प्रजासत्ताक पंचांगाच्या तारखा येतात. बारा महिने, प्रत्येकी ३० दिवस, शेवटी पाच जादा दिवस, कधी सहा. वर्ष २ सुरू होतं २२ सप्टेंबर १७९३ ला. महिन्याच्या क्रमांकातून १ वजा करा, ३० ने गुणा, तारीख मिळवा. उत्तर १०१ पेक्षा जास्त आलं तर १०१ वजा करा. उरलेला आकडा म्हणजे १७९४ मधला कितवा दिवस ते. ९ थर्मिडोर घ्या: अकरावा महिना, म्हणून ३०० + ९ = ३०९, वजा १०१ = २०८, म्हणजे २७ जुलै. रोब्सपियर सत्तेवरून पडला तो दिवस. उत्तर १०१ किंवा कमी आलं तर २२ सप्टेंबर हा पहिला दिवस धरून सरळ मोजा. वर्ष ३ लाही हेच चालतं, फक्त दिवस १७९५ मधला. वर्ष ४ मात्र २३ सप्टेंबरला सुरू होतं, तिथे १०० वजा करायचे. वर्ष ८ चंही तसंच, म्हणून १८ ब्रुमेर (दुसरा महिना, ३० + १८ = ४८) २३ सप्टेंबरपासून सरळ मोजला की येतो ९ नोव्हेंबर १७९९.

महिन्यांची नावं ठरली २४ ऑक्टोबर १७९३ ला. ‘वर्ष १’ पुढे ब्रुमेर किंवा थर्मिडोर लिहिलेलं दिसलं, तर ती तारीख कुणीतरी मागाहून बसवलेली आहे. ती कालपटावर घेताना पेन्सिलच वापरा.