व्हायनल की डिजिटल? तुलनेसाठी जॅझ रेकॉर्ड कशी निवडावी

मागच्या पावसाळ्यात कोल्हापुरात, शाहूपुरीत मित्राच्या घरी आमची जुंपली. त्याच्याकडे जॅझ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसच्या 'काइंड ऑफ ब्लू'ची जुनी एलपी, म्हणजे व्हायनलची तबकडी, माझ्या मोबाईलमध्ये तोच अल्बम. "बघ, रेकॉर्ड कशी टवटवीत वाजतीय!" तो म्हणाला. वाजत होती खरी. शेवटी पेटीवर सूर धरला तेव्हा कळलं, रेकॉर्डची पट्टीच किंचित चढी होती. 2 मार्च 1959 ला न्यूयॉर्कमध्ये पहिल्या बाजूचं ध्वनिमुद्रण झालं तेव्हा टेपयंत्र जरा संथ चाललं होतं, त्यामुळे ती टेप नेहमीच्या वेगाने वाजवली की सूर चढायचा, आणि ती बाजू कित्येक वर्षं तशीच वरच्या सुरात छापली गेली. नव्वदच्या दशकात ती चूक दुरुस्त झाली. म्हणजे तासभर आम्ही भांडलो ते भलत्याच गोष्टीवरून.

तेव्हा सर्वांत आधी दोन्हीकडे मास्टरिंग, म्हणजे छपाईआधी इंजिनिअरने आवाजावर फिरवलेला शेवटचा हात, एकच आहे ना, ते बघा. 1960 च्या आसपासची एलपी आणि अलीकडची रिमास्टर केलेली फाईल समोरासमोर ठेवलीत, तर तुम्ही दोन इंजिनिअरांचे कान ताडून बघताय. त्यापेक्षा नवी पुनर्मुद्रित रेकॉर्ड घ्या आणि त्याच मास्टरिंगची फाईल शोधा. कव्हरवरची बारीक अक्षरं वाचा, लेबलाभोवतीची कोरी पट्टी उजेडात तिरकी धरा. ब्लू नोट या जॅझ कंपनीच्या जुन्या रेकॉर्डींवर तिथे ध्वनिमुद्रक रूडी व्हॅन गेल्डर यांची 'आरव्हीजी' ही अक्षरं सापडतात, म्हणजे सुई जिच्यातून फिरते ती खाच त्यांनी स्वतः कापलेली. भंगारातून शंभर रुपयांत आणलेली घासकी रेकॉर्ड हौसेला ठीक, तुलनेला नाही.

मग संगीत. मोठ्या ताफ्याच्या बिग बँडचा दणका नको, त्यात बारकावे बुडतात. मी पियानोवादक बिल एव्हान्सचं त्रिकूट, बिल एव्हान्स ट्रायो, सुचवेन. 25 जून 1961 ला न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्ड क्लबात झालेलं हे ध्वनिमुद्रण. पॉल मोशनचे ब्रश ड्रमवर घासतात ती सळसळ, स्कॉट लाफारोच्या डबल बेसच्या तारेवरचं बोट, मागे ग्लासांची किणकिण. हे सगळं दोन्हीकडे कसं येतं ते ऐका. पियानोचा लांब सूर तर फार चुगलखोर! रेकॉर्डचं भोक केसभर जरी बाजूला पडलेलं असलं, तरी तो सूर डुलतो. अल्लादियाखाँसाहेबांच्या गावात वाढलेल्या कानाला ते लगेच टोचतं. फाईलमध्ये हा दोष नसतो.

बाजूचं पहिलं आणि शेवटचं, दोन्ही गाणी ऐका. कडेला सुईखालून सेकंदाला साधारण 51 सेंटीमीटर खाच सरकते, लेबलाजवळ जेमतेम 21. तेवढ्याच वेळेचा आवाज निम्म्याहून कमी जागेत कोंबलेला, म्हणून तिथे वरचे सूर चिरकतात. 'काइंड ऑफ ब्लू'च्या पहिल्या बाजूचा शेवट 'ब्लू इन ग्रीन'ने होतो. हळुवार चीज आहे, त्यामुळे बिघाड फारसा जाणवत नाही. शेवटी जोरकस ट्रम्पेट असलेली एखादी बाजू निवडलीत तर खरी परीक्षा होईल.

रेकॉर्ड आधी साफ करा. आपल्याकडच्या पावसात कव्हरला बुरशी धरते. डिस्टिल्ड वॉटर आणि मऊ कापड, पुसायचं ते खाचेच्या दिशेने.

आवाजाची पातळी मात्र नीट जुळवा, इथेच नव्वद टक्के मंडळी फसतात. जरासं मोठं वाजणारं कानाला चांगलंच वाटतं. मोबाईलवर डेसिबल मोजणारं ॲप मिळतं. मोबाईल एकाच जागी ठेवून दोन्हीकडचा तोच तुकडा मोजा आणि फरक अर्ध्या डेसिबलच्या आत आणा.

एवढं झालं की शेवटचा प्रयोग, माझ्या मते सगळ्यांत मजेचा. तुमचीच एलपी टर्नटेबलवरून कॉम्प्युटरमध्ये 24 बिटला रेकॉर्ड करून घ्या. आता रेकॉर्ड आणि तिचीच ही डिजिटल नक्कल एकत्र सुरू करा, अ‍ॅम्प्लिफायरवरचं या दोन्हींत अदलाबदल करणारं बटण दुसऱ्याच्या हाती द्या, भिंतीकडे तोंड करून बसा आणि काय वाजतंय ते ओळखा. 2022 मध्ये अमेरिकेतल्या एका नामांकित कंपनीने कबूल केलं, की जाणकार ज्यांना अस्सल अ‍ॅनालॉग, म्हणजे टेपवरून थेट कापलेल्या, समजत होते त्या तिच्या कित्येक रेकॉर्डी बनवताना मध्ये डिजिटल टप्पा होता. तो वर्षानुवर्षं कुणाला ऐकू आला नव्हता.

आमच्याकडे बटण माझ्या धाकट्या बहिणीच्या हाती होतं. मित्राने दहापैकी पाच ओळखले. नाणं उडवून मीही तेवढे ओळखले असते.